अक्षराचे वळण आणि तयार संच

विनयपिटकाच्या महावग्गात राजगृहातील उपालि नावाच्या मुलाची हकीकत येते. (विनयधर म्हणून प्रसिद्धीस आलेले, नापितकुळात जन्मलेले थेर उपालि ते निराळे.) आपल्या पश्चात या मुलाचे कसे होईल, या काळजीने त्याचे आईवडील विचार करीत बसतात. लेखनविद्या शिकवावी, तर पोटापाण्याची सोय होईल. पण लिहून लिहून त्याची बोटे दुखतील. गणना शिकवावी, तर छाती दुखेल. नाण्यांची पारख शिकवावी, तर डोळे दुखतील. अखेर त्यांना वाटते, हे शाक्यपुत्रीय श्रमण बरे. चांगले जेवतात, आडोशाच्या जागी निजतात. मुलास त्यांच्याकडेच पाठवावे. उपालि हे ऐकतो, सवंगड्यांना जमवितो आणि सतरा मुले संघात दाखल होतात. पहाटे उठून तीच मुले पेज आणि भात मागत रडू लागतात. त्या प्रसंगावरून, वीस वर्षांखालील व्यक्तीस उपसंपदा देऊ नये, असा नियम तथागतांनी घालून दिला.

धम्मवर्गात ही गोष्ट सांगितली की मुले हसतात. आम्ही मात्र दरवेळी ‘बोटे दुखतील’ या दोन शब्दांशी थबकतो. लिहिणे हे आधी शरीराचे काम आहे आणि कोवळ्या बोटांना ते दुखविते, हे त्या काळच्या आईबापांना ठाऊक होते. आजच्या आईबापांना, आणि खरे सांगायचे तर आम्हां शिक्षकांनाही, त्याचा विसर पडलेला दिसतो.

आम्ही इतिहासाचे शिक्षक. तरीही वसतिगृहातील पहिली-दुसरीच्या मुलांची सायंकाळची लेखनाची तासिका गेली बावीस वर्षे आमच्याकडे आहे. एक गुरुजी दीर्घ रजेवर गेले, त्यांची तासिका तात्पुरती आमच्याकडे आली आणि आली ती राहिली. या विषयाचे रीतसर प्रशिक्षण आमच्यापाशी नाही. आहे तो मुलांच्या शेजारी सतरंजीवर बसून मिळविलेला अनुभव. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेख मागितला, तेव्हा या अनुभवावरच लिहावे असे ठरविले. कारण या वर्षी एक निर्णय व्हावयाचा आहे आणि त्यापूर्वी माजी विद्यार्थी व पालक यांच्यापुढे आमचे मत ठेवणे आम्हांस आवश्यक वाटते.

निर्णय असा. प्राथमिक विभागासाठी हस्तलेखनाचा तयार संच विकत घ्यावा, असा प्रस्ताव आला आहे. प्रत्येक मुलामागे पाच रंगीत पुस्तिका, ठिपक्यांची अक्षरे, बाणांनी दाखविलेली दिशा, पुसून पुन्हा लिहिता येणारे तक्ते आणि शिक्षकाने रोज काय करावे हे सांगणारी मार्गदर्शिका. माजी विद्यार्थ्यांनी दिलेल्या देणगीतून ही खरेदी करावी, असे सुचविले गेले आहे. प्रस्ताव मांडणाऱ्यांच्या हेतूविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. शिक्षकांची पदे रिक्त आहेत, नव्याने आलेल्या तरुण शिक्षकांना फळ्यावर अक्षर काढण्याचा सराव नाही, आणि शेजारच्या इंग्रजी शाळेतील मुलांच्या चकचकीत पुस्तिका पाहून आपले पालक विचारतात, “आपल्याकडे असे का नाही?” हे सारे खरे आहे.

त्याच सुमारास आपल्या विद्यालयाच्या एका माजी विद्यार्थिनीचा निरोप आला. ती अमेरिकेत असते. तिथे सर्व राज्यांत मुलांना घरीच शिकविण्यास कायद्याची मुभा आहे आणि अशा पालकांसाठी वर्षभराचा अभ्यास पेटीत भरून विकण्याचा व्यवसायही मोठा आहे. पुस्तके, कार्यपुस्तिका, आईने रोज कोणता पाठ घ्यावा याचे आठवड्यागणिक वेळापत्रक, सारे तयार. हिने पाच वर्षांच्या लेकीसाठी अशी पेटी घेतली. मराठी सुटू नये म्हणून भारतातून देवनागरीचा वेगळा संचही मागविला. दोन महिन्यांनी लेकीच्या वहीची छायाचित्रे पाठवून तिने लिहिले, “सर, रोज एक पान ठरलेले आहे. तिसऱ्या ओळीला पोरगी रडते. आम्ही सतरा पाने मागे आहोत.”

सतरा पाने मागे! कोणाच्या मागे? घरात एकच विद्यार्थिनी, तीच पहिली आणि तीच शेवटची. तरीही मागे पडल्याची धास्ती पेटीबरोबर घरात आली होती. पानांना क्रमांक छापले की पोरगी राहते बाजूला आणि आई क्रमांकाला उत्तर देऊ लागते.

छायाचित्रांकडे नीट पाहिले, तेव्हा आणखी काही दिसले. मुलीने सर्व मराठी अक्षरे चार रेघांच्या वहीत, खालच्या रेघेवर उभी केली होती. त्यात तिचा दोष नव्हता. इंग्रजीची पुस्तिका तिला तसेच शिकवीत होती. रोमन अक्षर खालच्या रेघेवर उभे राहते, आपले अक्षर वरच्या रेघेला लोंबते. खुंटीला अडकविलेल्या सदऱ्यासारखे. म्हणून आपल्याकडे दुरेघी वही आली. ज्याला वरची रेघ सापडली, त्याचे अर्धे अक्षर सुधारले. हे एक वाक्य त्या संचाच्या एकाही पुस्तिकेत नव्हते. आम्ही तिच्याकडून पाने मागवून तपासली.

त्या संचातील ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे होते. मराठीची प्रमाण वर्णमाला शासनाने २००९ मध्ये ठरवून दिली; तिच्यात पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ आहे. हिंदी वळणाने काही आभाळ कोसळत नाही, वाचणाऱ्याला कळतेच. पण ‘ळ’ मुळात नव्हताच! ‘ळ’वाचून मराठी मुलाने बाळ, शाळा, केळे, आभाळ कसे लिहावे? हिंदी मुलांसाठी केलेल्या पुस्तिकेवर मराठी वेष्टन चढवून विकले की असे होते. आपल्याकडे प्रस्तावित झालेल्या संचात ‘ळ’ आहे, हे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु त्याचाही क्रम अ, आ, इ, ई असाच आहे, आणि आमचा पहिला आक्षेप तेथून सुरू होतो.

वर्णमालेचा क्रम उच्चाराचा आहे. कंठ, तालू, मूर्धा, दंत, ओष्ठ, अशी ती ध्वनींची मांडणी. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ती अतिशय सुरेख. पण हाताच्या सोयीचा तीत विचार नाही. ‘अ’ हे काढण्यास अवघड अक्षर आहे, ‘इ’ त्याहून अवघड. तिसऱ्या दिवशी पोराला ‘इ’ काढायला लावणे म्हणजे चालायला लागण्याआधी बांधावरून धावायला सांगणे. आम्ही काना, म्हणजे उभी रेघ, येथून आरंभ करतो. ती जमली की ग, न, म. या तीन अक्षरांत पहिल्याच आठवड्यात मूल ‘मग’, ‘मन’, ‘नग’, ‘गगन’, ‘नमन’ लिहू लागते. वाचता येणारा शब्द आपल्या हातून उतरला, याचा जो आनंद मुलाच्या चेहऱ्यावर दिसतो, तो ठिपके जोडून भरलेल्या पानाने दिसत नाही. पुढे प, ष, फ. मग व, ब, क. मग ट, ठ, ढ, द. ‘अ’ यायला दिवाळी उजाडते.

दुसरी गोष्ट शिरोरेषेची. आम्ही एम.ए. करताना मोडी शिकलो, त्या वेळी लक्षात आले की मोडी लिहिणारा आधी कागदभर रेघ ओढून घेत असे आणि मग तिला अक्षरे टांगीत जाई. हात उचलावा लागू नये, हा हेतू. बाळबोधीत उलट. आधी अक्षरे, शब्द पुरा झाल्यावर शेवटी वरची रेघ. लहान मुलाला ती रेघ फार आवडते. हातातील काम संपल्याची ती खूण असल्यामुळे तो ती झोकात, या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढतो. आणि तेथेच घोटाळा होतो. ‘ध’ आणि ‘भ’ यांच्या डोक्यावर रेघ तुटलेली असावी लागते. ती जोडली की ‘धर’चे ‘घर’ होते आणि ‘भाऊ’ची ‘माऊ’ होते. अमेरिकेतील त्या चिमुरडीने सबंध पानभर ‘माझा माऊ’ लिहिले होते. तिच्या आईला वाटले, मांजरीविषयी आहे! बाणाने दिशा दाखविता येते, पण कोठे थांबावयाचे हे शेजारी बसलेले माणूसच सांगू शकते.

ऱ्हस्व वेलांटीचेही असेच. ‘कि’ म्हणताना आधी ‘क’ ऐकू येतो, लिहिताना वेलांटी आधी दिसते. मुलाचा कान आणि डोळा यांचे येथे भांडण होते. आणि ‘र’ तर बहुरूप्यासारखा: सूर्यात डोक्यावर चढतो, चक्रात पोटाखाली तिरका बसतो, ट्रकमध्ये पायाशी टोपी होऊन राहतो, वाऱ्यात पुढच्या अक्षराला कोयरी होऊन चिकटतो. हे शिकविण्यास दोन वर्षे लागतात. ती लागू द्यावीत.

मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्मतः ती सर्व कूर्चेची, मऊ असतात. एकेक करून टणक होत जातात आणि शेवटचे टणक होईतो मूल आठ ते बारा वर्षांचे झालेले असते. तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाच्या हाती पेन्सिल देऊन ओळी भरून घेणारे पालक आज आपल्याही समाजात दिसतात. शहरात स्थिरावलेले आपलेच माजी विद्यार्थी यात पुढे आहेत, हे सांगताना संकोच वाटतो. त्यांची ओढ आम्हांस समजते. जे आपल्याला मिळाले नाही, ते आपल्या लेकराला दोन वर्षे आधी मिळावे, असे कोणत्या बापाला वाटणार नाही? पण बोटांची तयारी पुस्तिकेने होत नाही. ती पीठ मळताना, शेंगा सोलताना, चिखलाचे बैल करताना, दोरीला गाठ मारताना होते. गावाकडून येणाऱ्या आपल्या मुलांच्या हातांत ही तयारी पुष्कळ असते. (घरकामाला जुंपलेल्या मुलांचे आम्ही येथे गोडवे गात नाही. तांदूळ निवडायला बसलेल्या मुलीचा भाऊ शाळेत गेलेला असतो, हे आम्ही विसरलेलो नाही.)

मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोमच्या गरीब वस्तीत बालगृह काढले, तेव्हा खरखरीत कागदाची अक्षरे कापून मुलांना त्यावरून बोट फिरवायला दिले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाड परिसरात आदिवासी मुलांसाठी काम करताना तेच तत्त्व तेथल्या माती-वाळूत, बिया-शिंपल्यांत आणले. ताराबाईंना विकत आणलेली साधने परवडत नव्हती, एवढेच त्याचे कारण नव्हते. मुलाच्या ओळखीची वस्तू त्याला शिकविते, हे त्यांना उमगले होते.

आता वळणाविषयी. मराठीत अक्षराला वळण असते आणि मुलालाही वळण लावतात. एकाच शब्दात हात आणि शील बांधलेले आहेत. त्यामुळे ज्याचे अक्षर वाकडे, त्याच्या घरी संस्कार नाहीत, असा निकाल सहज दिला जातो. आमच्या पिढीतील अनेकांनी तो ऐकला आहे. आम्ही सातवीत असताना एका गुरुजींनी आमची वही वर्गापुढे धरून विचारले होते, “हे अक्षर आहे की कोंबडीचे पाय?” वर्ग हसला, त्याचे फारसे वाईट वाटले नाही. पुढे त्यांनी “चालायचेच, घरी कोण आहे शिकवायला” असे जोडले, ते मात्र अजून आठवते. आमच्या घरी शिकविणारे कोणी नव्हते, हे खरेच होते. ते का नव्हते, हा प्रश्न त्या शाळेच्या अभ्यासक्रमात नव्हता.

आपल्या पूर्वजांना अक्षर मिळाले नाही, यामागे त्यांच्या बोटांचा दोष नव्हता. शेतकऱ्याला लिहिता येत नाही म्हणून दप्तर ज्याच्या हाती तो हवे ते लिहितो, ही गोष्ट जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये किती तपशिलाने मांडली आहे! १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढणाऱ्या जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतून मुक्ता साळवे शिकली आणि १८५५ मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध ‘ज्ञानोदया’त छापून आला. त्या निबंधातील प्रश्न आजही वाचणाऱ्याला अस्वस्थ करतात. मुक्ताचे अक्षर सुंदर होते की गबाळे, हे कोणी विचारलेले आम्ही ऐकले नाही.

बाबासाहेबांचे नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेच्या पटावर चढले. शाळेत त्यांना बसण्यासाठी वेगळे तरट होते; सायंकाळी ते घरी न्यावयाचे, सकाळी परत आणावयाचे, कारण शाळेचा नोकर त्याला हात लावीत नसे. पुढे मुंबईच्या शाळेत त्यांना फळ्याकडे बोलाविले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले डबे विटाळतील म्हणून मुले धावली. खडू ज्या हातात होता, तो हात त्यांना सलत होता. तरटाचा प्रसंग ज्या आठवणींत येतो, त्यांचे हस्तलिखित बाबासाहेबांच्या स्वतःच्या अक्षरात पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या संग्रहात सापडले आणि १९९० मध्ये ते पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाले. हाताने लिहून ठेवलेले कागद राहिले, म्हणून ते आज आपल्यापर्यंत आले.

आमचे एक सहकारी या ठिकाणी संविधानाचा दाखला देतात. संविधानाची मूळ इंग्रजी प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी हाताने लिहिली आणि हिंदी प्रत वसंत कृष्ण वैद्य यांनी. “सुंदर अक्षराला देशाने केवढा मान दिला, बघा,” असे ते म्हणतात. मान दिला आणि तो योग्यच होता. सुलेखन ही कला आहे आणि आपल्या मुलांतून सुलेखनकार निघाले तर आम्हांस आनंदच होईल. परंतु त्या पानांवर काय लिहावयाचे, हे ज्यांनी रात्रीचा दिवस करून ठरविले, त्यांच्या कच्च्या मसुद्यांचे अक्षर कोणी तपासून पाहिले नव्हते. आमचा आग्रह एवढाच की, सहा वर्षांच्या मुलाकडून रायजादांचे काम मागू नये.

येथे आमची स्वतःची एक चूक सांगणे भाग आहे. पंचवीसेक वर्षांपूर्वी वसतिगृहात एक डावखुरा मुलगा होता. डाव्या हाताने लिहिलेले पुसले जाते, तो हात शाईने भरतो, ‘चांगले दिसत नाही’, असली कारणे देऊन आम्ही त्याचा हात बदलला. छडी मारली नाही, पण रोज पेन्सिल काढून उजव्या हातात दिली. म्हणजे तेच झाले. अक्षर कालांतराने बरे झाले. गती मात्र आली नाही. दहावीच्या परीक्षेत त्याचे दोन पेपर अपुरे राहिले. आज तो गृहस्थ तालुक्याच्या गावी स्वतःचे दुकान चालवितो, भेटला की वाकून जय भीम करतो, आणि पावती लिहिताना पेन उजव्या हातात धरूनच दोनदा थांबतो. आम्ही ते पाहतो. त्यानंतर आलेल्या कोणाही डावखुऱ्या मुलाचा हात आम्ही बदललेला नाही. वही थोडी तिरकी ठेवायला शिकवितो, आणि बाकावर डावी बाजू मोकळी देतो. प्रस्तावित संचात डावखुऱ्यांसाठी एक ओळही नाही.

२०२० च्या मार्चमध्ये वसतिगृह रिकामे झाले, त्या वेळी आम्हीही संचच तयार केला होता, हेही सांगून टाकतो. छापील पानांचे गठ्ठे केले, गावोगाव पोचविले, क्रमांक घातले, परत मागविले. परत आलेल्या पानांपैकी पुष्कळांवर थोरल्या बहिणीचे अक्षर होते. ती बिचारी घर सांभाळून धाकट्याची पाने ‘पूर्ण’ करीत होती. आम्ही मागितली होती भरलेली पाने; ती आम्हांस मिळाली.

पण त्याच काळातील एक वही आमच्या कपाटात आहे. दुसरीतला एक मुलगा शाळा बंद म्हणून आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेला. पुढे दीड वर्षाने परतला तो ही वही घेऊन. त्यात रोजची तारीख, खेपा, काट्यावरच्या पावतीवरील टनाचा आकडा आणि ‘उचल’ या मथळ्याखाली मुकादमाकडून घेतलेले पैसे. अक्षर गबाळे, ‘खेप’ कोठे ‘खेप’, कोठे ‘केप’, शिरोरेषा बहुतेक ठिकाणी नाहीच. हंगाम संपल्यावर त्या वहीचा मुकादमाच्या वहीशी पडताळा केला, तेव्हा काही खेपांचा फरक निघाला आणि तो मान्य करून घेता आला, असे त्याच्या वडिलांनी आम्हांस सांगितले. जोतीरावांनी ज्या दप्तराचे दुखणे मांडले, त्याच दप्तरासमोर दुसरीतल्या पोराने आपले दप्तर ठेवले. आता हा मुलगा संचाच्या निकषावर ‘स्तर एक’ मध्येच बसतो. मार्गदर्शिकेत अक्षराची उंची, अंतर, सरळपणा व स्वच्छता यांना गुण आहेत. काय लिहिले, याला गुण नाहीत.

आमचा संचाला विरोध आहे, याचा अर्थ सर्वच नाकारावे असा नाही. एकट्या आईला, विशेषतः जिने स्वतः मराठी शाळेत फार दिवस काढले नाहीत तिला, बाणांची दिशा उपयोगी पडते. पुसता येणारा तक्ताही चांगला. चूक पुसली की तिचा मागमूस राहत नाही, हा पाटीचाच गुण आहे. (पाटी थुंकीने पुसण्याची सवय मोडण्यात आमची उमेदीची वर्षे गेली, ते सोडा.) जुन्या पाटीच्या काळाचे आम्हांस प्रेम आहे असेही नाही, त्या पाटीशेजारी छडी होती आणि वर्गाच्या दाराबाहेर आपली माणसे होती.

मुले पेन्सिल धरण्याआधीचा जो काळ, त्यासाठी आम्ही गेली काही वर्षे एक खेळ करतो. इतिहासाच्या माणसाला सुचावा असाच तो आहे. सम्राट अशोकाच्या शिलालेखांची लिपी ब्राह्मी. आपल्या महाराष्ट्रात सोपाऱ्याला त्या लेखांचे तुकडे सापडले आहेत. तिचे ‘र’ म्हणजे नुसती उभी रेघ. ‘क’ म्हणजे अधिकचे चिन्ह. ‘ग’ झोपडीच्या छपरासारखा. ‘ठ’ एक गोल, आणि त्या गोलात ठिपका दिला की ‘थ’. ‘न’ म्हणजे आडव्या रेघेवर रोवलेली काठी. वरची रेघ नाही, गाठ नाही. वाळूच्या ताटात बोटाने ही अक्षरे काढताना उभी, आडवी, तिरकी रेघ आणि गोल, असे लेखनपूर्व सारे वळसे मुलांच्या हातात बसतात, आणि आपण सम्राटाच्या लिपीत लिहितो याचा त्यांना कोण अभिमान! सहलीला कार्ल्याला नेले, तेव्हा पहिलीतली मुलगी खांबावरील लेखाकडे बोट दाखवून ओरडली, “सर, क!” त्या लेण्यांतून आणि कान्हेरी, कुडे, जुन्नर येथून दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत व्यापारी आहेत, भिक्खुणी आहेत. सुतार, लोहार, माळीही आहेत. आपले नाव दगडावर असावे, असे त्यांना वाटले आणि ते तसे कोरले गेले.

अमेरिकेतील आमच्या विद्यार्थिनीस आम्ही जे कळविले, ते थोडक्यात असे. पानांचे क्रमांक कागद चिकटवून झाकून टाक. रोज दहा मिनिटे पुरेत, ती रडण्याआधी थांब. लेकीला जे सांगावेसे वाटते, ते तिला बोलू दे आणि तू लिही. त्यातला तिला आवडलेला एक शब्द तिला उतरवू दे. सांगणे आणि अक्षर काढणे ही दोन वेगळी कामे आहेत, एकाच्या कच्चेपणामुळे दुसरे अडवू नकोस. इंग्रजीची आणि मराठीची वही वेगळी ठेव. मराठीची वरची रेघ लाल पेन्सिलने तू आखून दे. ‘ळ’ तूच शिकव. अलीकडे तिने पाठविलेल्या छायाचित्रात खारीचे चित्र आहे आणि खाली ‘खार पळाली’. ‘ळ’ उलटा काढला आहे. संचाची सतरा पाने आता किती झाली, ते आम्ही विचारले नाही.

शाळा समितीपुढे आमची मागणी अशी आहे: संचाची खरेदी या वर्षी करू नये. त्या रकमेतून दुरेघी वह्या, पाट्या, वाळूची ताटे आणि मोठ्या अक्षरांचे तक्ते सहज येतील, आणि तरीही बहुतांश रक्कम उरेल. उरलेल्या रकमेतून प्राथमिकच्या दोन तरुण शिक्षिकांसाठी वर्षभर रोज एक तास मोकळा करून देणारा मदतनीस नेमावा, म्हणजे त्यांना पाच-सहा मुलांच्या गटाशेजारी खाली बसता येईल. फळ्यावरील अक्षराचा सराव आम्ही त्यांच्याकडून करवून घेऊ. त्यासाठी मानधन नको. प्रवेश-अर्जावर ज्यांनी अंगठा उमटविला आहे, अशा पालकांनाही या तासाला मुलाशेजारी बसण्यास मोकळीक असावी. गेल्या वर्षी एक आजी अशी बसली होती. तिने ‘मन’ आधी लिहिले, नातवाने नंतर.

ज्या माजी विद्यार्थ्यांनी घरी असे संच आणले आहेत, त्यांनी मे महिन्याच्या सुट्टीत मुलांना आणि संचांना घेऊन विद्यालयात जरूर यावे. कोणती पाने वापरावीत आणि कोणत्या पानांची विमाने करावीत, हे सतरंजीवर सोबत बसून ठरवू.